उपटलेलं समुद्रफूल दुपटीने का उगवतं?

प्रश्न : प्रवाळांच्या टाकीत खडकावर तपकिरी, पारदर्शक फुलांसारखे जीव उगवलेत. दोन चिमट्याने उपटले, तर महिन्याभरात आठ झाले. काय करावं?

उत्तर : ही ऐपटेशिया नावाची समुद्रफुलं. उपटू नका, खरवडू तर अजिबात नका. बुडाचा कणभर तुकडा खडकाला चिकटून राहिला तरी त्यातून नवं फूल तयार होतं.

आठच आहेत तर कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पूड आरओ पाण्यात दह्याइतकी घट्ट कालवा. हातमोजे आणि चष्मा हवाच, ही पेस्ट त्वचा भाजते. पंप बंद करा, पेस्ट भरलेली बोथट टोकाची सिरिंज हळूच फुलाच्या तोंडाजवळ न्या. जरा धक्का लागला की फूल क्षणात भोकात शिरतं, मग थांबा, पुन्हा उमलू द्या. तोंडावर पेस्टचा थर बसला की पंधरा-वीस मिनिटं पंप बंदच ठेवा. शेजारच्या प्रवाळावर पेस्ट सांडू देऊ नका. एका दिवशी तीन-चारच घ्या, कारण पेस्टने पाण्याचा पीएच चढतो. ८.५ च्या वर दिसला तर थांबा.

संख्या फार वाढली तर ऐपटेशिया खाणारी पेपरमिंट कोळंबी सोडा. विकत घेताना नीट बघा: पाठीवर कुबड आणि अंगावर पांढऱ्या रेघा-ठिपके असतील तर ती कॅमल कोळंबी, ती प्रवाळच खाते. बर्गिया ही समुद्री गोगलगाय फक्त ऐपटेशियावर जगते. मात्र टाकीत रॅस मासे असतील तर तेच तिला फस्त करतील.

आणि खाणं कमी घाला. उरलेल्या खाण्यावरही ही फुलं पोसतात.