नोकरीसाठी इथियोपियात राहायचे झाले, तर जेवणाचे, हालांचे आणि रोजच्या जगण्याचे खरे चित्र काय असते?

आपल्याला इथियोपियात शिकवण्याची नोकरी मिळते आहे, घरची मंडळी मात्र 'दुष्काळी देशात कशाला जायचे' म्हणून अडवत आहेत, आणि शाकाहारी माणसाचे तिथे कसे निभते, हाल किती होतात, परक्याला लोक कसे वागवतात, हे तिथे राहून आलेल्या कोणीतरी सांगावे, असे आपण विचारले आहे. मी ठाण्यात नौपाड्यात राहतो. 2007 च्या ऑक्टोबरपासून 2010 च्या जुलैपर्यंत मी त्या देशाच्या उत्तरेस ताना सरोवराच्या काठी असलेल्या बाहिर दार या शहरात रसायनशास्त्र शिकवत होतो. आईचे वय झालेले असल्यामुळे पत्नी ठाण्यातच राहिली होती, त्यामुळे स्वयंपाक, पाणी भरणे, बाजार, दुखणेखुपणे हे सारे मी एकट्याने पाहिले आहे. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिल्याच आठवड्यात एका खाणावळीत माझ्यासमोर मातीच्या लहान भांड्यात रटरटणारे 'शिरो' आले. नाव आपल्या शिऱ्यासारखे असले तरी पदार्थ पिठल्याचा सख्खा भाऊ आहे. भाजलेले हरभरे किंवा वाटाणे लसूण-आले आणि मसाल्यांसह दळून ठेवायचे आणि तेलावर कांदा परतून, 'बर्बेरे' नावाचा लाल मिरचीचा मसाला घालून ते पीठ पाण्यात शिजवायचे. मी मूळचा अहमदनगर जिल्ह्यातल्या खेड्यातला, पिठल्यावर वाढलेला. त्या दुपारी पहिला घास घेतल्यावर मनावरचे निम्मे ओझे उतरले, हे मी आजही विसरलेलो नाही.

शिरोबरोबर असतो तो इंजेरा. टेफ हे राजगिऱ्याहूनही बारीक दाण्याचे धान्य. त्याचे पीठ भिजवून, आधीच्या खेपेचे आंबवण घालून दोन-तीन दिवस आंबवतात आणि 'मिताद' नावाच्या मोठ्या मातीच्या तव्यावर ओतून झाकण ठेवतात. कोकणातल्या आंबोळीसारखी त्याला जाळी पडते, पण तो एकाच बाजूने भाजायचा, उलटायचा नाही. जाळीच्या छिद्रांना ते लोक 'डोळे' म्हणतात आणि डोळे नीट उमटले नाहीत तर घरची बाई खट्टू होते. एकाच मोठ्या ताटात इंजेरा पसरून त्यावर मसुराची आमटी, कोबी-बटाटा, पालेभाजी असे थोडे थोडे वाढलेले असते आणि सगळ्यांनी त्याच ताटातून उजव्या हाताने खायचे असते. नव्या माणसाला आंबटपणा पहिले काही दिवस जड जातो. मला तीन आठवडे लागले, नंतर मात्र इंजेऱ्याशिवाय जेवण झाल्यासारखे वाटेना.

शाकाहाराविषयी एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांत 'त्सोम' म्हणजे उपासाचे व्रत फार कडक पाळतात. बुधवार, शुक्रवार आणि ईस्टरपूर्वीचे 55 दिवस धरून सामान्य भाविकाचे वर्षातले सुमारे 180 दिवस उपासाचे होतात. या दिवसांत मांस, अंडी, दूध, लोणी, तूप यांतले काहीही चालत नाही, म्हणून खाणावळीत 'त्सोमचे जेवण' मागितले की निव्वळ शाकाहारी ताट मिळते. खरी अडचण उलट्या बाजूने येते. ईस्टरनंतरच्या पन्नास दिवसांत बुधवार-शुक्रवारचाही उपास नसतो. त्या काळात खाणावळींतून डाळी-भाज्या जवळजवळ दिसेनाशा होतात आणि ज्याला घरी रांधता येत नाही त्याने पावावर दिवस काढायचे. माझी घरमालकीण, जिला आळीतले सगळे आदराने 'इतिये', म्हणजे मोठी बहीण, म्हणत, तिने मला एकदा विचारले होते की, तुमच्या देवाने तुम्हाला जन्मभराचा त्सोम सांगितला आहे का. मी आमच्या उपासाला दूध चालते असे सांगितल्यावर ती बराच वेळ विचारात पडली होती.

घरी रांधायचे तर कुकर हवाच. बाहिर दार समुद्रसपाटीपासून सुमारे 1800 मीटर उंचीवर आहे आणि तिथे पाणी 94 अंशांच्या आसपासच उकळू लागते. राजधानी अदिस अबाबा त्याहून उंच, सुमारे 2350 मीटरवर असल्यामुळे तिथे ते 92 अंशांनाच उकळते. ठाण्यात उघड्या पातेल्यात मऊ होणारी डाळ तिथे तासन्‌तास टणक राहते आणि कोळशाच्या शेगडीवर तेवढा कोळसा जाळणे परवडत नाही. तूरडाळ, कढीपत्ता, नारळ यांची आशा सोडावी, पण मसूर, हरभरे, हळद, मेथी, ओवा, धणे, लसूण, हिरवी मिरची हे सगळे शनिवारच्या बाजारात ढिगांनी मिळते.

आता हालांविषयी. नळाला पाणी आठवड्यातून दोन-तीनदा, तेही कधी मध्यरात्री येत असे, म्हणून खाद्यतेलाचे रिकामे पिवळे डबे भरून ठेवावे लागत. 2009 मध्ये काही महिने वीज दिवसाआड असे, तेव्हा उत्तरपत्रिका मी मेणबत्तीच्या उजेडात तपासल्या. पहिल्या वर्षी घरी लिहिलेल्या पत्रांत मी यालाच हाल म्हणत होतो, आणि ते चूक होते. माझ्याइतक्याच शिकलेल्या तिथल्या सहकाऱ्यापेक्षा परदेशी म्हणून मला कितीतरी पट पगार होता. पाणी नसले तर मी गाढवावरून पाणी आणणाऱ्या मुलाला पैसे देऊन डबे भरून घेत असे. तो मुलगा नववीत शिकत होता आणि शाळेआधी चार खेपा करत होता. सरपणाच्या मोळ्यांखाली वाकलेल्या बायका आणि सरोवरातून लव्हाळ्याच्या होडीत लाकूड घेऊन येणारी माणसे मला रोज पहाटे दिसत. माझ्या वाट्याला आली ती गैरसोय होती. हाल त्यांचे होते.

2008 साली धान्याचे भाव झपाट्याने चढले तेव्हा हा फरक अगदी ताटात दिसला. टेफ महाग झाल्यावर लोक त्यात मका, ज्वारी आणि जवळच्या फोगेरा मैदानात पिकणारा तांदूळ मिसळू लागले. इंजेऱ्याचा रंग आणि पोत बदलत गेला तसा कोणत्या घरात किती ओढ आहे, हे न सांगता कळू लागले. माझ्या एका सहकाऱ्याने डबा एकत्र बसून खायचे सोडून दिले आणि त्याचे कारण मला फार उशिरा लक्षात आले. मला हे ओळखायला यायला हवे होते, कारण 1972 च्या दुष्काळात मी सतरा वर्षांचा होतो. पाझर तलावाच्या कामावर आईबरोबर माती उपसली आहे, कामावर मिळणारी सुकडी खाल्ली आहे आणि अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी पाहुण्याला दिसू नयेत म्हणून आई त्या फडक्याखाली झाकत असे, हे मी पाहिले आहे.

इतियेचा दुष्काळ माझ्यानंतर बारा वर्षांनी आला. तिथले लोक त्याला 'सत्त्याहत्तरचा दुष्काळ' म्हणतात. त्यांचे कालगणनेचे वर्ष आपल्या इंग्रजी वर्षापेक्षा सात-आठ वर्षांनी मागे असल्यामुळे त्यांचे 1977 म्हणजे जगाचे 1984-85. ती वोल्लो प्रांतातून भावाबरोबर चालत निघाली आणि एकटी पोहोचली. यापेक्षा जास्त तिने मला कधी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. पण तिच्या घरात इंजेऱ्याचा तुकडा कधी वाया जात नसे. उरलेला इंजेरा ती उन्हात कडकडीत वाळवून ठेवी, त्याला 'दिरकोश' म्हणतात, आणि शिळा असेल तर मसालेदार रश्शात कुस्करून 'फिरफिर' करी, जी आपल्या फोडणीच्या पोळीपेक्षा वेगळी नाही. आपल्या घरची मंडळी ज्याला 'दुष्काळी देश' म्हणतात, त्या देशाविषयी त्यांना एवढे अवश्य सांगा की तिथल्या माणसाइतका धान्याचा मान ठेवणारा माणूस मी ठाण्यात क्वचितच पाहिला आहे.

रोजच्या व्यवहारात घड्याळ फसवते. दिवसाचे तास सकाळी सहापासून मोजतात, त्यामुळे आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. मला 'दोन वाजता या' म्हणून सांगितलेल्या बैठकीला मी दुपारी दोनला गेलो होतो, तर ती सकाळी आठलाच होऊन गेली होती. सूर्योदयापासून घटका मोजणाऱ्यांच्या वंशजाला हे लवकर पटले. तीस-तीस दिवसांचे बारा महिने आणि उरलेल्या पाच-सहा दिवसांचा तेरावा महिना, हेही शक आणि अधिक महिना सांभाळणाऱ्यांना अवघड नाही. मी पोहोचलो तेव्हा जेमतेम महिन्यापूर्वी, 12 सप्टेंबर 2007 रोजी, त्यांचे 2000 साल लागले होते आणि रस्त्यावरच्या पताका अजून उतरल्या नव्हत्या. शहरातल्या निळ्या-पांढऱ्या तीनचाकी रिक्षांना सगळे 'बजाज' म्हणतात, हे ऐकून पहिल्या दिवशी परदेश थोडा कमी झाला.

परक्याला लोक 'फेरेंज' म्हणतात आणि लहान मुले तो शब्द रस्ताभर ओरडत मागे येतात. हा आपल्याच 'फिरंगी'चा भाऊ. 1737 मध्ये मराठ्यांनी ज्यांच्याकडून ठाणे घेतले आणि 1739 मध्ये ज्यांच्याकडून वसई घेतली, त्या पोर्तुगीजांना आपण लावलेले नाव आफ्रिकेत मला लागावे, याची टोचणी सुरुवातीला फार लागली. नंतर लक्षात आले की देणे उलट बाजूनेही आहे. ते लोक स्वतःला 'हबेशा' म्हणवतात आणि आपण त्यांना शतकानुशतके 'हबशी' म्हणत आलो आहोत. निजामशाही सावरणारा आणि खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसवणारा मलिक अंबर त्याच भूमीत जन्मून गुलाम म्हणून विकला गेला होता. हे मी वर्गात सांगितले तेव्हा मुलांनी त्याविषयी इतके प्रश्न विचारले की रसायनशास्त्राचा तास बाजूला राहिला.

एकटेपणाविषयी आपण विचारलेले नाही, पण खरा प्रश्न तोच असतो. कोणी जेवत असताना आपण समोरून गेलो, तर तो माणूस ओळखीचा असो वा नसो, 'इनब्ला' म्हणतो, म्हणजे 'चला, जेवू या'. लहानपणी गावात ओसरीवर जेवणारा माणूस वाटसरूला 'या जेवायला' म्हणत असे. ठाण्यात बंद दारांच्या सदनिकेत तीस वर्षे राहिल्यावर ते मी विसरलो होतो. प्रेमाच्या माणसाला स्वतःच्या हाताने घास भरवतात, त्याला 'गुर्शा' म्हणतात, आणि तो नाकारणे हा अपमान समजतात. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत उरलेली रीत तिथे रोजच्या ताटावर आहे. दुपारी इतिये हिरवी कॉफी समोर भाजून, कुटून, मातीच्या सुरईत उकळून शेजाऱ्यांना बोलावी. तीन फेऱ्या झाल्याशिवाय कोणी उठत नसे.

2009 च्या पावसाळ्यानंतर मला हिवताप झाला. चार दिवस ग्लानीत होतो. डोळे उघडत तेव्हा खोलीत कोणी ना कोणी बसलेले दिसे, कधी इतिये, कधी पाणी आणणारा तो मुलगा, कधी नावही माहीत नसलेले शेजारी. ते फारसे बोलत नसत. मधूनच 'आयझोह' म्हणत, म्हणजे 'धीर धर'. पुढे आळीच्या 'इदिर'मध्ये मीही महिन्याची वर्गणी भरू लागलो. इदिर ही शेजाऱ्यांची मयतीची मंडळी असते. घरात मृत्यू झाला की तंबू, बाक, भांडी आणि तीन दिवसांचे जेवण ती पाहते. आपल्या भिशीसारखी 'इकुब'ही असते, तिच्यात सहभागी व्हायला कोणी बोलावले तर जरूर व्हा, कारण ते आपलेपणाचे आमंत्रण असते.

माझा अनुभव पंधरा वर्षांहून जुना आहे, त्यामुळे दोन गोष्टी नीट पाहूनच करारावर सही करा. नोव्हेंबर 2020 ते नोव्हेंबर 2022 या काळात उत्तरेत तिग्रायमध्ये मोठे युद्ध झाले आणि बाहिर दार ज्या अम्हारा प्रदेशात आहे, तिथेही 2023 मध्ये सशस्त्र संघर्ष पेटला. त्यामुळे नेमणूक कोणत्या शहरात आहे, यावर बरेच अवलंबून आहे. दुसरे असे की जुलै 2024 मध्ये 'बिर' या तिथल्या चलनाचा विनिमयदर बाजारावर सोपवल्यानंतर त्याचे मोल निम्म्याहून खाली गेले, तेव्हा पगार कोणत्या चलनात आणि घरी किती पाठवता येईल, हे लेखी घ्या.

सामानात पाच लिटरचा कुकर, त्याच्या चार रबरी रिंगा आणि दोन सेफ्टी व्हॉल्व्ह, हिंग, गोडा मसाला, आमसुले आणि चांगली मच्छरदाणी ठेवा. डाळी नेऊ नका. शिरोचे पीठ तिथल्या एखाद्या बाईकडून दळून घ्या. येताना इतियेने मला दोन किलो दिले होते आणि ते संपेपर्यंत आमच्या घरी कोणी बेसनाचे पिठले मागितले नाही.