एचबीएवनसी म्हणजेच ग्लायकोसायलेशन का?

प्रश्न: वडिलांच्या रिपोर्टवर 'ग्लायकोसायलेटेड हिमोग्लोबिन' असं लिहिलंय. म्हणजे प्रथिनांचं ग्लायकोसायलेशन हाच डायबेटिसचा दोष का?

नाही हो. ते एचबीएवनसीचं, म्हणजे डायबेटिससाठी करतात त्या रक्ततपासणीचं, जुनं छापील नाव आहे, एवढंच. मी रत्नागिरीत लॅबमध्ये काम करतो; आंब्याच्या दिवसांत हा कागद नाचवत कुणी ना कुणी येतंच.

एचबीएवनसीमध्ये रक्तातलं ग्लुकोज हिमोग्लोबिनला आपसूक चिकटतं, फणसाचा चीक बोटांना चिकटावा तसं. याला ग्लायकेशन म्हणतात. तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते, म्हणून त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब दिसतो. तपासणीच्या आदल्या रात्री आमरस सोडून काही होत नाही!

ग्लायकोसायलेशनमध्ये मात्र पेशीतली एन्झाइम्स (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) प्रथिनांवर किंवा पेशीच्या पृष्ठभागावर ठरावीक जागी साखरेच्या साखळ्या मुद्दाम जोडतात. रक्तगटच घ्या. तांबड्या पेशीवरच्या 'एच' साखळीच्या टोकाला गॅलॅक्टोज ही साखर लागली की बी, त्याचंच एक भावंड लागलं की ए, काहीच नाही लागलं तर ओ. आणि मुळात एचच नसेल तर? तो बॉम्बे रक्तगट. 1952 साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत नोंदवलेला. साध्या तपासणीत तो ओ वाटतो, पण त्या माणसाला ओ रक्तही चालत नाही. म्हणून क्रॉसमॅच, म्हणजे रक्त देण्याआधी दात्याचं आणि रुग्णाचं रक्त जुळतं का ते पाहणं, कधी टाळायची नसते.

औषधांतही तेच. किडनीच्या रुग्णांना तांबड्या पेशी वाढवायला देतात ते एरिथ्रोपोएटिन या साखळ्यांशिवाय शरीरात टिकत नाही, म्हणून ते सस्तन प्राण्यांच्या पेशींत बनवतात. इन्सुलिनला साखळी लागतच नाही, ते जिवाणूंतही बनतं.