तापोळ्याला १२ फुटी फायबरची बोट आणि बॅटरीची मोटर घेऊन जातोय. चालत्या बोटीमागे गळ ओढण्यासाठी काय तयारी करू?

आधी परवानगी. शिवसागर जलाशयाला, म्हणजे कोयना धरणाच्या पाण्याला लागूनच कोयना अभयारण्य आहे, त्यामुळे वनखातं आणि मत्स्यव्यवसाय खातं, दोन्हीकडे विचारल्याशिवाय बोट पाण्यात उतरवू नका.

मोटर मागे आणि तुम्हीही मागे, म्हणून जड बॅटरी पुढच्या टोकाला ठेवा, नाहीतर नाक वर येतं आणि वारा बोट फिरवतो. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नका. वल्ही हवीतच. परतताना वारा समोरून असेल तर बॅटरी जास्त खर्च होते, म्हणून जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा.

वेग ताशी ३-४ किलोमीटर, म्हणजे रमतगमत चालण्याइतका. वाऱ्याने बोट जास्त पळाली तर दोरीला बादली बांधून मागे सोडा. स्वस्त आणि भारी उपाय. रॉड होल्डर बोल्टने पक्के करा, खोड अडकलं की स्क्रू उपटून येतात. आणि खोडं अडकणारच, धरणाच्या पोटात जुनी झाडं आहेत. फिश फाइंडर (पाण्याखालचं दाखवणारं यंत्र) घेतलात तर माशांपेक्षा ही खोडं बघायलाच जास्त उपयोगी पडेल.

कटला-रोहूसाठी हा खटाटोप करू नका, ते पळत्या आमिषामागे सहसा लागत नाहीत. खडस (महसीर) मिळाला तर सोडून द्या.

लाइफ जॅकेट अंगात, सीटखाली नाही.