वाचकांचे प्रश्न : दीड लाखाची पर्स

प्रश्न : माझी मुलगी बंगळुरूला नोकरी करते. पहिल्या बोनसमधून तिने दीड लाखाची परदेशी पर्स घेतली. पर्सवर बाहेरून कुठेही नाव नाही. आतल्या खिशाजवळ नखाएवढ्या अक्षरांत आहे, तेवढेच. तिचे बाबा म्हणतात, एवढ्या पैशांत सोने आले असते आणि त्याला मोड तरी असती. इकडे माझ्या जाऊबाईंनी बर्डीवरून दीड हजारात घेतलेली, मोठ्या अक्षरांची पर्स लग्नात नेली, तर सर्वांनी त्या पर्सचेच कौतुक केले. मुलगी म्हणते, "आई, बाहेरच्या देशांत असे कोणी बघत नाही." हे खरे आहे का?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : मुलीचे हे म्हणणे मला पटत नाही. बघणारे सगळीकडे असतात. महागडी वस्तू वापरण्याइतकीच दाखवण्यासाठीही घेतली जाते, हे थॉर्स्टाइन व्हेब्लेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्येच मांडले होते. मात्र ती कोणाला दाखवायची आणि किती उघडपणे दाखवायची, याचे संकेत समाजागणिक बदलतात.

डेन्मार्क आणि नॉर्वेमध्ये 'तू इतरांपेक्षा मोठा आहेस असे समजू नकोस' हा अलिखित नियम 'यान्तेचा कायदा' म्हणून ओळखला जातो, आणि तिथे श्रीमंती अंगावर मिरवणे सहसा अभिरुचीहीन मानले जाते. चीनमध्ये 'म्यान्झ', म्हणजे शब्दशः चेहरा आणि अर्थाने आब किंवा इभ्रत, ही कल्पना खरेदीच्या मुळाशी असते. नॅन्सी वाँग आणि अ‍ॅरन अहुविया या अभ्यासकांनी १९९८ मध्ये हाच फरक मांडला होता : पाश्चात्त्य ग्राहक चैनीच्या वस्तूकडे स्वतःची आवड म्हणून पाहतो, तर पूर्व आशियातील ग्राहकाच्या खरेदीत घराण्याची प्रतिष्ठा गुंतलेली असते. म्हणूनच चीनमध्ये अशा वस्तू भेट म्हणून देण्याची रीत फोफावली. ती इतकी वाढली, की २०१२ च्या अखेरीस भ्रष्टाचाराविरुद्धची मोहीम सुरू झाल्यावर अधिकाऱ्यांच्या मनगटावरची महागडी घड्याळे हाच चर्चेचा विषय झाला आणि २०१३ मध्ये महागड्या भेटींच्या जाहिरातींवर रेडिओ-टीव्हीवर बंदी आली.

जपानचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, व्यापाऱ्यांनी भपकेबाज वस्त्रे वापरू नयेत असे फर्मान निघत असे. तेव्हा सधन व्यापारी बाहेरून साधा, मातकट रंगाचा किमोनो घालत आणि आत उंची रेशमाचे चित्रमय अस्तर लावून घेत. चालताना काठ जरासा उलटला, तर जाणकाराच्या नजरेला ते अस्तर दिसायचे, इतरांना नाही. त्याच जपानमध्ये लुई व्हिटॉन या फ्रेंच ब्रँडने १९७८ मध्ये दुकाने उघडली आणि पुढे त्यांच्या पर्स नोकरदार तरुणींच्या हातात इतक्या सर्रास दिसू लागल्या, की त्या घेण्यामागे उठून दिसण्यापेक्षा चारचौघींत सामील होण्याची ओढ अधिक होती.

आता आपल्या मुलीच्या पर्सकडे वळतो. यंग जी हान, जोसेफ न्यून्स आणि झेव्हिए द्रेझ यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की एकाच ब्रँडच्या पर्समध्ये किंमत वाढत जाते तसे बाहेरचे चिन्ह सहसा लहान होत जाते. ज्यांना ओळखायचे ते शिवणीवरून आणि कातड्यावरून ओळखतात. आपल्या मुलीची पर्स याच जातीची आहे आणि ती तिच्या कार्यालयातल्या मोजक्या डोळ्यांसाठी आहे; लग्नातल्या मंडळींना ती दिसली नाही, यात त्यांचा दोष नाही.

ही नजर आपल्याला परकी आहे, असे मात्र कृपया मानू नये. लग्नघरात शेजारी बसलेल्या बाईचा पदर अलगद हातात घेऊन तो उलटा करून पाहणारी एखादी आत्या आपणही पाहिली असेल. हातमागाच्या अस्सल पैठणीचा पदर मागूनही पुढच्याइतकाच स्वच्छ दिसतो, आणि आत्याबाई एक शब्द न बोलता नेमके तेवढेच तपासतात. आपल्या विदर्भातल्या करवतकाठी टसर साडीचेही तसेच आहे. काठावरचे करवतीचे दाते विणलेले आहेत की छापलेले, हे जाणणाऱ्या बाईला त्या साडीवर नाव लिहिलेले लागत नाही.

राहिला मोडीचा प्रश्न. त्यात आपल्या यजमानांचे म्हणणे हिशेबाने बरोबर आहे. अडीनडीला इतवारीच्या सराफ्यात सोने चालते, पर्स चालत नाही. तथापि दागिना मोडताना घडणावळ आणि खरेदीवेळी भरलेला ३ टक्के जीएसटी परत मिळत नाही, हेही त्यांनी त्याच हिशेबात धरावे. मुलीने हप्ते किंवा कर्ज न काढता, आधी बचत बाजूला ठेवून ही पर्स घेतली असेल, तर मी तिच्या बाजूने आहे. आणि जाऊबाईंच्या पर्सशी तुलना घरात करूच नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्यांनी वेगळ्या डोळ्यांसाठी वेगळी वस्तू घेतली, इतकेच.

प्रश्न : आम्ही उन्हाळ्यात पॅरिस आणि रोमला जात आहोत. यजमानांकडे नामांकित ब्रँडची नक्कल असलेला पट्टा आहे. नेला तर चालेल का?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : नेऊ नये. आपल्याकडे १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्याच्या कलम १०३ आणि १०४ नुसार बनावट चिन्ह लावणारा आणि असा माल विकणारा दोषी ठरतो, व शिक्षा सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि दंड अशी आहे. स्वतःच्या वापरासाठी घेणाऱ्यावर त्यात कारवाई नाही. फ्रान्समध्ये मात्र अशी वस्तू जवळ बाळगणे हाच गुन्हा असून सीमाशुल्क अधिकारी ती जप्त करून दंड करू शकतात, तर इटलीत नकली माल विकत घेणाऱ्या ग्राहकालाही दंड होतो. हा कडकपणा समजण्यासारखा आहे. त्या देशांत चैनीच्या वस्तू घडवण्याचा धंदा कारागिरांची पिढीजात ठेव मानला जातो. फ्रान्समधल्या अशा व्यवसाय-घराण्यांनी १९५४ मध्ये 'कोमिते कोल्बेर' ही आपली संघटनाच उभी केली. लुई व्हिटॉनची सर्वपरिचित अक्षरांची नक्षीसुद्धा १८९६ मध्ये नकलांना आळा बसावा म्हणून काढली गेली होती. पट्टा घरीच ठेवावा आणि प्रवासासाठी साधा, बिननावाचा चामडी पट्टा घ्यावा.