फ्लेक्ससकट पाठव

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

दादरच्या फुलबाजारातल्या एकाच छायाचित्राच्या दोन प्रती पाठवून त्यांतली कोणती स्पर्धेला द्यावी, असे तू विचारले आहेस. पहिलीत हारवाल्या बाईंच्या डोक्यावर कुणा भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आहे आणि मागे केबलच्या तारांचा गुंता आहे. दुसरीत हे सारे तू मोबाइलवर पुसून टाकले आहेस. पुसताना एक गोष्ट मात्र तुझ्या नजरेतून निसटली. झेंडूचे हार त्याच फ्लेक्सच्या सुतळीला अडकवलेले होते, ते आता अधांतरी लोंबकळत आहेत. यापुढे वेगळे काही सांगण्याची खरे तर गरज नाही, तरी सांगतो : अडगळ पुसू नकोस.

फ्लेक्स कुरूप आहे, हे कबूल. पण त्यावरची गॉगल घातलेली उत्सवमूर्ती आणि तिच्या पायाशी टपाल तिकिटाएवढ्या चेहऱ्यांच्या शुभेच्छुकांची रांग जरा नीट पाहा. कुणाचा चेहरा केवढा छापायचा यात वॉर्डातले सगळे राजकारण मांडलेले असते, आणि उत्सवमूर्तीची ढब तर सरळ सिनेमाच्या पोस्टरवरून उचललेली असते. हाताने रंगवलेल्या होर्डिंगांचे आज आपल्याला भारी कौतुक. उमेदीच्या काळात चित्रकार हुसेन मुंबईत तीच रंगवून पोट भरत होते, हेही आपण अगत्याने सांगतो. ती रस्त्यावर होती तेव्हा मात्र माझ्या बरोबरीचे कितीतरी जण ती टाळून कॅमेरा लावत. छायाचित्रकार रघुबीर सिंह अँबॅसडर गाडीतून देश टिपत हिंडले, तेव्हा त्यांनी तिचे दार, काच आणि आरसाही चौकटीत राहू दिला. दुसऱ्या कुणी ते कापून टाकले असते.

१५ सप्टेंबर २०२३ रोजी बेस्टच्या जुन्या डिझेल डबलडेकरची शेवटची फेरी झाली आणि त्याच वर्षीच्या ३० ऑक्टोबरपासून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून कायमची गेली. माझ्या संग्रहात पद्मिनीचे मुद्दाम काढलेले एकही चित्र नाही. आहे ती दुसऱ्याच कशाच्या तरी फोटोत अर्धीमुर्धी घुसलेली, बाहेर बसवलेल्या मीटरसकट. तिच्या छताला आतून लावलेले फुलाफुलांचे रेक्झिन कुठेच सापडत नाही, याची हळहळ मात्र जात नाही. म्हणून पुन्हा सांगतो, पुसू नकोस.

एका साप्ताहिकाने मुखपृष्ठासाठी माझे गिरगावातल्या चाळीचे चित्र घेतले आणि दांडीवरचे कपडे तेवढे काढून द्या, असे सुचवले. मी नकार दिला आणि तिथले काम कायमचे बंद झाले. हा निव्वळ हटवादीपणा होता, असे घरी अजूनही ऐकवले जाते. असेलही. पण वाळत घातलेले कपडे काढल्यावर ती चाळ कसली, रंग देऊन रिकामी ठेवलेली इमारतच ती!

परीक्षकांना दुसरी प्रत आवडेल, ही शक्यता मलाही दिसते. तुझ्या पिढीवर लाइकचा ताण आहे, हेही समजते. समजते म्हणून मान्य करावे, असे मात्र नाही. पहिली प्रत पाठव, कडा कापू नकोस, आणि चित्रासोबत जागा, तारीख व विचारला असशील तर त्या दिवशीचा हाराचा भावही लिहून ठेव.

तुझा,
काका