रायझेन 5 3600 ओव्हरक्लॉक करावा, की सरळ इंटेल 14600के घ्यावा?

तुमचा प्रश्न असा: 2019 मधला एएमडीचा रायझेन 5 3600 प्रोसेसर, बी450 मदरबोर्ड, 16 जीबी डीडीआर4 रॅम, काम म्हणजे गेम आणि थोडं व्हिडिओ एडिटिंग. हाच ओव्हरक्लॉक करून (कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवून) दोन वर्षं ढकलावीत, की इंटेलचा 14600के किंवा एएमडीचा एएम5 प्लॅटफॉर्म (नवा बोर्ड, नवी रॅम) घ्यावा?

माझं मत: यातलं काहीच नको. बोर्ड तोच ठेवा, प्रोसेसर बदला.

आधी ओव्हरक्लॉकिंगचं बघू. 1998 मध्ये सेलेरॉन 300ए आला तेव्हा बसचा (प्रोसेसरला बाकी मशीनशी जोडणाऱ्या वाहिनीचा) वेग 66 वरून 100 मेगाहर्ट्झ केला की 300 चा प्रोसेसर 450 वर पळायचा. 2011 मधला आय5 2500के मूळ 3.3 गिगाहर्ट्झचा, पण बऱ्यापैकी कूलर लावला की 4.5 पर्यंत सहज जायचा. तेव्हा त्या खटाटोपाला अर्थ होता. आता कंपनीच बूस्टच्या (गरजेप्रमाणे आपोआप वाढणाऱ्या वेगाच्या) नावाखाली चिपमधली ती सगळी शिल्लक ताकद वापरून टाकते. तुमच्या 3600 चा बूस्ट 4.2 चा आहे आणि हाताने सगळे कोअर वाढवायला गेलात तरी बहुतेक चिप तिथेच आसपास अडकतात. चिपाडातून रस काढण्यातला प्रकार. त्यात तुम्ही अकोल्याचे. मे महिन्यात खोलीच 40 अंशांवर असेल, तर साधा एअर कूलर चिपला त्याच्या खाली नेऊ शकत नाही. शिवाय ओव्हरक्लॉकिंगने काही जळलं तर ते एएमडीच्याही वॉरंटीत बसत नाही आणि इंटेलच्याही.

एक फुकटची गोष्ट मात्र आजच तपासा. रॅम 3200 ची घेतलेली असते आणि बायोसमध्ये (बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या छापील वेगावर चालवणारी सेटिंग, चालू न केल्यामुळे ती 2133 किंवा 2400 वर रखडत असते. असेंबल करून देणारे हे सर्रास विसरतात. असूसच्या बोर्डवर याला डीओसीपी म्हणतात. रायझेनमध्ये कोअरना जोडणारी आतली वाहिनी रॅमच्याच तालावर चालते, त्यामुळे इथला फरक 3600 च्या ओव्हरक्लॉकपेक्षा जास्त जाणवतो.

आता 14600के. चिप उत्तम, यात वाद नाही: 14 कोअर, 20 थ्रेड. एडिटिंगमध्ये तिची खरी ताकद आतल्या ग्राफिक्समध्ये आहे. कॅमेऱ्याचं 10 बिट 4:2:2 एचईव्हीसी फुटेज (जास्त रंगमाहितीचं, उलगडायला जड) ती क्विक सिंकवर, म्हणजे इंटेलच्या व्हिडिओसाठीच्या खास यंत्रणेवर, आरामात उलगडते. तुमचं पोट अशा फुटेजवर चालत असेल तर माझं बाकीचं उत्तर सोडून द्या आणि इंटेल घ्या. पण ओव्हरक्लॉक करायचं म्हटलं तर झेड मालिकेचा बोर्ड लागतो, बी760 बोर्डवर गुणक (ज्यातून प्रोसेसरचा वेग वाढवतात ती सेटिंग) बंदच. पूर्ण ताणात ही चिप 181 वॉटपर्यंत जाते, म्हणजे कूलरचाही खर्च आला. आणि तिचं एलजीए1700 सॉकेट (बोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) इथे संपलं. पुढची कोअर अल्ट्रा 200 मालिका 1851 वर गेली, म्हणजे परत नवा बोर्ड. इंटेलची ही सवय जुनी आहे. 2017 मध्ये आठव्या पिढीचे प्रोसेसर आले तेव्हा सॉकेट तेच 1151 होतं, तरी आधीच्या झेड270 बोर्डच्या मालकांना नवा बोर्ड घ्यायला लावला.

सेकंड हँड तेराव्या-चौदाव्या पिढीपासून तर लांबच राहा. जास्त व्होल्टेजमुळे या चिप कायमच्या खराब होण्याचं प्रकरण 2024 मध्ये गाजलं. इंटेलने मायक्रोकोडची (चिपच्या आतल्या सॉफ्टवेअरची) दुरुस्ती दिली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण दुरुस्तीआधी जी झीज झाली ती भरून येत नाही, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या (कॉम्प्युटर बाजारातल्या) काउंटरवर बघून ती ओळखताही येत नाही.

एएमडीही काही संतपुरुष नाही. मे 2020 मध्ये त्यांनीच जाहीर केलं होतं की बी450 वर पुढची पिढी चालणार नाही. ग्राहकांनी इतका आरडाओरडा केला की काही दिवसांतच माघार घेतली. त्या आरडाओरड्याचं फळ आज तुमच्या हातात आहे: बायोस अपडेट केलं की तुमच्या बोर्डवर रायझेन 5000 बसतो. 5700एक्स घ्या. आठ कोअर, 65 वॉटचा वर्ग, त्यामुळे बी450 च्या बेताच्या व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) भार येत नाही. मुख्यतः गेमच असतील आणि भरवशाच्या दुकानात 5700एक्स3डी सापडला, तर तो घ्या. नवा मिळणं आता अवघड झालंय, पण 96 एमबी कॅशमुळे (चिपच्या आतल्या झटपट मेमरीमुळे) गेममध्ये तो फार पुढे जातो. गंमत म्हणजे त्याचा गुणक कंपनीनेच बंद ठेवलाय, ओव्हरक्लॉक होतच नाही.

एएम5 चांगला आहे, 2027 पर्यंत आणि पुढेही सॉकेट चालू ठेवायचा शब्द एएमडीने दिलाय. शून्यातून मशीन बांधणाऱ्याला मी तोच सांगेन (फक्त ए620 बोर्ड नको, त्यावर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही). तुम्हाला मात्र बोर्ड आणि डीडीआर5 रॅम दोन्ही घ्यावं लागेल, आणि 2025 च्या शेवटापासून रॅमचे भाव बघितलेत ना?

पैसे काढण्याआधी गेम चालू असताना ग्राफिक्स कार्डचा वापर बघा. तो सतत 95 टक्क्यांच्या वर असेल तर अडचण प्रोसेसरची नाहीच, कार्डाची आहे.

बदलायचं ठरलं तर बायोस अपडेट जुना 3600 बसलेला असतानाच करा. 5700एक्सबरोबर कूलर येत नाही, तो वेगळा घ्या. आणि जुना कूलर थंड मशीनवर सरळ वर ओढू नका. कूलरखालची वाळलेली पेस्ट प्रोसेसरला सॉकेटमधून उपटून आणते आणि एएम4 (तुमच्या बोर्डच्या सॉकेटच्या) प्रोसेसरच्या पिना वाकतात. दहा मिनिटं गेम चालवून मशीन गरम करा, बंद करून प्लग काढा, कूलर डावी-उजवीकडे हळू पिळत सोडवा.