आईला काहीही न सांगता एका दिवसात थंड हवेच्या ठिकाणी न्यायचं आहे. डोंबिवलीहून कुठे जमेल?

माथेरान. मी हा उद्योग एकदा करून बसलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आईचा एकसष्टावा वाढदिवस दिवाळीनंतरच्या आठवड्यात मंगळवारी आला होता. तिला एवढंच सांगितलं होतं की सकाळी सातला तयार राहा, संध्याकाळपर्यंत परत येऊ. आई खुशीत निघाली, मांडीवर कापडी पिशवी. नेरळ आलं तसं "चल, उतर" म्हटलं, तर जागची हलेना. "अरे, कर्जत अजून दोन स्टेशनं पुढे आहे!"

झालं होतं असं, की आदल्या रात्री माझ्या मोबाइलवर कर्जत लोकलचं टाइमटेबल उघडं राहिलेलं तिनं पाहिलं. कर्जतला माझी मावशी राहते. आईनं हिशेब जुळवला, मावशीला फोन केला, आणि मावशीनं पहाटे उठून पुरण शिजत घातलं. पिशवीत मावशीसाठी चकल्या होत्या. नेरळच्या फलाटावरून मावशीला फोन कुणी करायचा, यावरच आमची पाच मिनिटं गेली. शेवटी मीच केला. ती काय बोलली ते इथे लिहीत नाही.

तेव्हा पहिला सल्ला, ठिकाण लपवा पण चपला लपवू नका. माथेरानात दस्तुरी नाक्याच्या पुढे गाड्यांना बंदी आहे, वरती बहुतेक फिरणं पायी नाहीतर घोड्यावर. आणि रस्ते लाल मातीचे. आई बहिणीकडे जायचं म्हणून मोतिया रंगाची नवी साडी आणि पातळ पट्ट्यांच्या चपला घालून आलेली. दुपारपर्यंत साडीच्या काठावर वीतभर लाल पट्टा चढला. तीन धुण्यांनंतरही तो पुरता गेलेला नाही. "उद्या थोडं चालायचंय, बूट घाल" एवढं सांगितलं असतं तर गुपित काही फुटलं नसतं.

जायचं कसं, तर नेरळ स्टेशनबाहेर शेअर टॅक्सी मिळते, ती घाट चढून दस्तुरीला सोडते. तिथे माथेरानात शिरायचं तिकीट काढायचं. पुढे बाजारपेठेपर्यंत अडीच-तीन किलोमीटर. गुडघे कुरकुरत असतील तर अमन लॉज स्टेशनवरून शटल घ्या, ती माथेरानच्या छोट्या आगगाडीचीच फेरी आहे. नेरळपासून वरपर्यंत जाणारी गाडी 1907 पासूनची, सुंदरच आहे, पण तिला अडीच-पावणेतीन तास लागतात, फेऱ्या थोड्या आणि पावसाळ्यात ती बंद. एका दिवसात दोन्ही वेळा तिनं जायचा हट्ट धरू नका. घोडा घेणार असाल तर दर आणि कुठले पॉइंट, हे आधी ठरवा. हातरिक्षात आई बसली नाही. "माणसानं ओढायचं आणि मी वर बसायचं? नको रे." (त्या रिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2025 मध्ये सांगितलं.)

पॉइंट पुष्कळ आहेत, सगळे पाहायच्या भानगडीत पडू नका. आम्ही शार्लोट तलाव, शेजारचं पिसारनाथाचं मंदिर आणि लुईझा पॉइंट एवढंच केलं. लुईझावरून समोर प्रबळगड दिसतो. वाटेत मी जरा ज्ञान पाजळलं, की 1850 मध्ये ठाण्याचा कलेक्टर मॅलेट यानं माथेरान शोधलं. आई म्हणाली, "आणि इथले ठाकर-धनगर काय हरवले होते?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तलावाकाठी पिशवी बाजूला ठेवली आणि मी फोटो काढायला उठलो. माकडानं बरोबर चकल्यांची पुडी उचलली. समोरच्या फांदीवर बसून रबर सोडलं, एक चकली काढली, वेढा वेढा मोडून शांतपणे खाल्ली, मग दुसरी. मी हातवारे करत होतो. आई मात्र नीट निरखत होती. म्हणाली, "भाजणी जमलीय म्हणायची." खाण्याची वस्तू हातातही उघडी धरू नका, बॅगेच्या चेनला जमलं तर सेफ्टी पिन लावा.

दिवस मधल्या वारचा घ्या. शनिवार-रविवारी शटलच्या रांगेतच तुमचं सरप्राइज संपेल.

आणि ज्या नातेवाइकाच्या गावची लोकल पकडणार आहात, त्याला आधी विश्वासात घ्या. चारलाच उतरायला लागलो, कारण कर्जतला गेल्याशिवाय सुटका नव्हती. चकल्यांच्या जागी बाजारातून चिक्की घेतली होती. मावशीनं ती न बघताच फडताळात ठेवली, आणि एक शब्द न बोलता माझ्या ताटात तीन पुरणपोळ्या वाढल्या.